गिरवणे आणि पिसणे

नंदिनी नगरातील एका क्वार्टरमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-सहा मराठी कुटुंबे जमतो. भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर चुनखडीच्या खाणीला लागून वसलेली ही वसाहत आहे. येथे मराठी कानांवर पडावयाचे तर ते आपणच बोलावे लागते, म्हणून हे जमणे. कोणी पुस्तकातील चार पाने वाचून दाखवितो, कोणी पेटीवर नाट्यपद म्हणतो, पोहे होतात, चहा होतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात. गेल्या खेपेस मात्र चहाच्या कपांशेजारी पत्त्यांचा एक कॅट ठेवलेला दिसला. तो आपल्या नेहमीच्या पत्त्यांचा नव्हता. त्यावर राजेराण्यांखेरीज देवदूत होते, मनोरे होते, हाती कंदील घेतलेला एक वृद्ध होता. हे टॅरोचे पत्ते होत, असे यजमान वहिनींनी सांगितले.

पत्ते आणणारे गृहस्थ तरुण आहेत. तीन वर्षांपूर्वी खाणीत अधिकारी म्हणून रुजू झाले. वागण्यास नम्र आणि हाताखालच्या माणसांत प्रिय. मी पत्त्यांकडे संशयाने पाहतो आहे हे त्यांनी ओळखले आणि हसून म्हणाले, “काका, मी भविष्य पाहत नाही. रोज सकाळी एक पान काढतो आणि दहा मिनिटे त्याच्याकडे पाहत बसतो. अभ्यास धीराने कसा करावा, याचे चिंतन म्हणून.” मी म्हणालो, “उत्तम. मग प्रथम श्रेणीच्या परीक्षेचा अभ्यास कोठवर आला?” खाण-व्यवस्थापकाच्या त्या प्रमाणपत्रासाठी धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि ती ते देणार आहेत हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. ते किंचित ओशाळले. “पंधरा दिवस पुस्तक उघडलेले नाही. आधी उलटा टांगलेला माणूस आला. त्याचा अर्थ थांबावे. मग दोनदा तलवारींची चौक्की आली. तिचा अर्थ विश्रांती.”

कोणी हसले नाही. एक-दोघांनी तर कौतुकाने मान डोलावली. मीही त्या वेळी काही बोललो नाही. पाहुणा होतो, आणि त्या तरुणाचा चेहरा प्रामाणिक होता. पण घरी परतताना ते मौन मला टोचू लागले. जे तेथे बोलावयास हवे होते ते येथे लिहीत आहे. आपल्या वाचकांतही असे कॅट बाळगणारे असतील; पत्ते न बाळगता मोबाइलवर रोजचे पान पाहणारे त्याहून अधिक असतील. त्यांनी राग मानू नये. निदान माझे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून मानू नये.

प्रथम माझा आक्षेप कशास नाही, ते सांगतो. पत्त्यांवरून भविष्य कळते असे म्हणणाऱ्यांशी मी येथे वाद घालीत नाही. तो वाद महाराष्ट्रात पुष्कळ झाला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या होईपर्यंत ते हे काम करीत राहिले. फलज्योतिषावरील त्यांचे आक्षेप ज्यांनी वाचले आहेत त्यांस मी नवे काय सांगणार? परंतु आमच्या तरुण मित्रासारखी माणसे या टीकेच्या कक्षेत येतच नाहीत. ती म्हणतात, आम्हांस उद्याचे काही नको, आजचे मन पाहावयाचे आहे. पान हा केवळ आरसा. म्हणजे अंधश्रद्धेचा आरोप त्यांना लागू पडत नाही, आणि तो लागू पडत नाही म्हणून आपला मार्ग निर्दोष आहे अशी त्यांची समजूत होते. माझा वाद या समजुतीशी आहे.

या पत्त्यांचा इतिहासही काही गूढ नाही. १५व्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी तयार झाले. एकूण पाने ७८. त्यांपैकी २२ चित्रांची आणि उरलेली ५६ चार रंगांची, प्रत्येक रंगाची १४. फ्रान्समध्ये हा खेळ आजही खेळला जातो. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या एका फ्रेंच विद्वानाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ होय, असे ठोकून दिले. इजिप्तची चित्रलिपी त्या काळी कोणासच वाचता येत नव्हती. शांपोलियनने ती उलगडली १८२२ साली. तोवर त्या विद्वानास खोटे पाडावयास पुरावा नव्हता, आणि पुढे पुरावा आला तेव्हा ऐकावयास कोणी तयार नव्हते. आज सर्वत्र आढळणारी चित्रे १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ती रेखाटली. साध्या रंगांच्या पानांवरही त्या बाईंनी माणसांचे प्रसंग काढले. शेतकरी, कारागीर, प्रवासी, आजारी, भांडणारे, झोपलेले, सारे त्यात आहेत.

ही चित्रे चांगली आहेत, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. नाण्यांची सत्ती पाहा. एक तरुण कुदळीच्या दांड्यावर हात टेकून उभा आहे. समोर त्याने वाढविलेले झुडूप आहे आणि त्यावर नाणी फळांसारखी लगडली आहेत. तो ती तोडीत नाही. नुसता पाहतो आहे. नाण्यांची अठ्ठी पाहा. एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने नाणे घडवितो आहे. घडविलेली नाणी शेजारच्या खांबावर एकाखाली एक लावलेली आहेत, आणि गाव त्याच्या पाठीमागे दूर राहिले आहे. तो मान वर करून गावाकडे पाहत नाही. संयम नावाच्या पानावर एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो आहे, एक पाय जमिनीवर आणि एक पाण्यात ठेवून. धीर आणि अभ्यास यांवर चिंतन करावयास याहून सुबोध चित्रे मिळणे कठीण. रोज सकाळी दहा मिनिटे नाण्यांच्या अठ्ठीसमोर जो बसेल त्याचे कल्याणच होईल, असे मी शपथेवर सांगेन.

पण आमचे मित्र नाण्यांच्या अठ्ठीसमोर बसत नाहीत. ते कॅट पिसतात आणि निघेल त्या पानासमोर बसतात. माझा आक्षेप चित्रावर नाही, या पिसण्यावर आहे.

आपण अधिकारी मंडळी. आपल्याला हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडतो. ७८ पाने रोज नीट पिसून एक काढले, तर नाण्यांची अठ्ठी वर्षभरात सरासरीने चार-पाच वेळा हाती येईल. पहिल्या ७८ दिवसांत ती एकदाही न दिसण्याचा संभव शंभरात सुमारे ३७ आहे. कॅटातील प्रत्येक पान निदान एकदा तरी पाहावयाचे म्हटले तर सरासरीने सुमारे ३८५ दिवस, म्हणजे वर्षाहून अधिक काळ लागेल. ज्याला सातत्य शिकावयाचे आहे त्याने सातत्याचा धडा वर्षातून चार-पाच वेळा, तोही केव्हा येईल याचा भरवसा नसताना, वाचावा, ही कोणती शिक्षणपद्धती? पेटी शिकणाऱ्या मुलाला आज सा, उद्या निघाला तर म, परवा सुटी, असे कोणी शिकविले तर आपण त्या शिक्षकास दुसऱ्या दिवशी येऊ देणार नाही.

आणि हे खाणीत काम करणाऱ्यांनी करावे याचे मला अधिक नवल वाटते. नंदिनीची चुनखडी भिलाईच्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी काढली जाऊ लागली. तेथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. दल्ली-राजहराचे धातुक, हिर्रीचा डोलोमाइट आणि नंदिनीची चुनखडी. धातुकातील नको असलेला वाळूचा अंश चुन्याशी मिळून मळी होऊन वेगळा होतो, आणि मगच लोखंड हाती लागते. ही चुनखडी फोडावयाची म्हणजे कड्यात भोके पाडून सुरुंग उडवावे लागतात. पाळी सुरू होण्याआधी काय पाहावयाचे असते? कड्यावर सुटा दगड लोंबतो आहे काय, कोठे भेग रुंदावली आहे काय, वाट मोकळी आहे काय, कालच्या सुरुंगांपैकी एखादा न फुटता राहिला आहे काय. हे प्रश्न काल होते, आज आहेत आणि उद्याही राहतील. त्यांच्या चिठ्ठ्या करून टोपीत टाकाव्यात, एक उचलावी, आणि “आज वाटेचा प्रश्न निघाला, भेगेचा नाही,” असे म्हणून माणसांना खाली उतरवावे, असे कोणी केले तर त्यास आपण काय म्हणू? न फुटलेल्या सुरुंगाकडे ठरलेला वेळ गेल्यावाचून जावयाचे नसते. तेथे वाट पाहणे हा आदल्या माणसांच्या मृत्यूंतून तयार झालेला नियम आहे. त्या सकाळी थांबावेसे वाटते की नाही, हे कोणी विचारीत नाही.

आमचे तरुण मित्र उद्या परीक्षा उतरले म्हणजे अशाच एखाद्या खाणीच्या तपासणी-वहीवर सही करतील. त्या सहीच्या भरवशावर माणसे कड्याखाली उभी राहतील. म्हणून त्यांच्या सकाळच्या दहा मिनिटांचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. खाणीत ज्या पद्धतीस आपण गुन्हा म्हणू तीच पद्धत स्वतःच्या मनाच्या तपासणीस लावावयाची, आणि तिला चिंतन म्हणावयाचे, हे मला पटत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते दुबळे नाही. पहिला मुद्दा असा की, माणूस स्वतःचा प्रश्न स्वतः निवडतो तेव्हा सोयीचाच निवडतो. आळशी मनुष्य आळसाचा प्रश्न सोडून इतर सर्वांवर चिंतन करील. दैवाने निघालेले पान त्याची ही चलाखी चालू देत नाही. त्यास जे टाळावयाचे असते नेमके तेच पुढे येऊन उभे राहते. हा मुद्दा मला काही काळ निरुत्तर करून गेला. पण आमच्या मित्राचीच गोष्ट पाहा. उलटा टांगलेला माणूस त्यांच्या पुढे आला. त्या चित्रातील मनुष्य एका पायाने झाडास टांगलेला आहे, आणि त्याच्या मस्तकाभोवती तेजोवलय आहे. त्याचा अर्थ कोणी त्याग करील, कोणी नव्या दृष्टीने पाहणे करील, कोणी कष्ट सोसणे करील. त्यांनी केला, पुस्तक मिटावे. पान निवडताना चलाखीला जागा नव्हती हे खरे. पण अर्थ लावताना ती मागल्या दाराने आत आली आणि बैठकीत येऊन बसली. ७८ पाने आणि प्रत्येकाचे पाच-सात अर्थ. एवढ्या पसाऱ्यात मनाला हवे ते न सापडले तरच आश्चर्य. उलट, “आज किती तास अभ्यास केलास?” हा एकच प्रश्न रोज रात्री विचारून पाहा. त्याचे दोन अर्थ होत नाहीत. ज्यास चलाखीची भीती आहे त्याने पिसलेल्या पानापेक्षा न बदलणाऱ्या प्रश्नालाच शरण जावे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. आपल्याकडेही दैवाचा कौल घेतात, असे वहिनी म्हणाल्या. कोकणात आणि गोव्यात देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवितात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि उजवी पाकळी पडते की डावी याकडे सारे डोळे लावून बसतात. येथे छत्तीसगढात घरोघरी रामचरितमानस आहे आणि त्यासोबत रामशलाका आहे. १५ घरे आडवी, १५ उभी, अशी २२५ अक्षरे. डोळे मिटून बोट ठेवावे, तेथून दर नववे अक्षर वाचीत जावे, म्हणजे नऊ चौपायांपैकी एक हाती येते. मान्य. पण कौल रोज लावतात काय? सोयरीक, जमिनीचा तंटा, गावच्या उत्सवाचा मान, अशा वेळी माणसांची बुद्धी जेथे खुंटली तेथे कौल लावीत, आणि एकदा मिळाला म्हणजे तो मानीत. कौल वाद मिटविण्यासाठी असे. रोज सकाळी “आज शेतावर जाऊ की नको?” असे विचारणाऱ्या कुळवाड्यास गुरवाने देवळाबाहेर काढले असते.

परदेशातील उदाहरण द्यावयाचे तर ऑगस्टिनचे द्यावे लागेल, आणि ते माझ्या विरुद्ध आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. ३८६ साली मिलान शहरातील एका बागेत अत्यंत व्याकुळ मनःस्थितीत त्याने पॉलच्या पत्रांचा ग्रंथ उघडला आणि जेथे दृष्टी पडली तेथील वाक्याने त्याचे आयुष्य पालटले. परंतु ग्रंथ त्याने निर्णयासाठी उघडला तो त्या एका वेळी. पुढील चाळीसहून अधिक वर्षे तो प्रवचने, पत्रे आणि ग्रंथ यांच्या अखंड कामात घालवितो. दैवाने एखादे वेळी दार उघडावे. त्या दारातून आत गेल्यावर चालण्याचे काम पायांचेच असते.

तिसरा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा आहे. पत्त्यांमुळे दहा मिनिटे बसणे तरी होते, नाही तर तेही होत नाही. यावर माझे उत्तर असे की, जे काही हित होत असेल ते त्या बसण्याने होते. बसणे ठेवा, पिसणे सोडा. ज्यांनी आत्मपरीक्षण हा रोजचा व्यवसाय केला त्यांनी हेच केले. रोमचा सेनेका रात्री दिवा मालवल्यावर सबंध दिवस आपल्यापुढे उभा करून तपाशी. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुण ठरविले, एकेका गुणास एकेक आठवडा दिला, वहीत रेघा आखून चुकांच्या जागी ठिपके काढले. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार. तेरा गुणांची सोडत त्याने काढली नाही. आपल्याकडे पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास तीन अटी सांगितल्या आहेत. तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदरपूर्वक हवा. यांतील मधली अट कॅट पिसणाराला पहिल्याच दिवशी मोडावी लागते. आपली जपमाळही पाहा. १०८ मणी, सारे सारखे. पुढचा मणी कोणता येईल याचे कुतूहल जपणाऱ्यास वाटू नये, म्हणूनच ते सारखे आहेत.

येथे मला स्वतःची एक लाजिरवाणी हकीकत सांगितली पाहिजे, नाही तर हा सारा उपदेश परोपदेश ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत आजोबांचे मोडी कागद सापडले. ज्या मुलखात मी नोकरी करतो तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत मोडी कागदांचे येणे-जाणे येथेही चालत होते. तेव्हा आपण मोडी शिकावी असे मनाने घेतले. दोन महिने अक्षरे घोटली आणि कंटाळा आला. मग एक युक्ती काढली. चाळीस चिठ्ठ्या केल्या. कोणावर बाराखडी, कोणावर जोडाक्षरे, कोणावर एखादी सनद वाचणे, कोणावर मोडीचा इतिहास. त्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या आणि रोज सकाळी एक काढू लागलो. फार मजा आली. रोज नवे काही. सहा महिने लोटले, आणि आजोबांच्या कागदातील एक ओळ मला वाचता येईना. चिठ्ठी काढण्याचा आनंद हाच माझा अभ्यास होऊन बसला होता.

शेवटी मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध शिक्षकांना पत्र घातले. त्यांचे उत्तर एका कार्डावर आले. एकच कागद घ्या आणि तोच रोज गिरवा, एवढाच त्याचा आशय. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहितात. मी रोज रेघ ओढू लागलो आणि तोच कागद गिरवू लागलो. तिसऱ्या महिन्यात कंटाळा आला, तो चौथ्यात गेला. वर्षाच्या अखेरीस कागद वाचता आला. त्यात काही ऐतिहासिक रहस्य नव्हते. एका बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाची फेड झाल्याची ती पावती होती. पण आजोबांच्या हाताचे वळण माझ्या हातात आले होते. त्या दिवशी मला कळले की, आपल्या भाषेने शिकण्यास गिरवणे हा शब्द फार विचारपूर्वक दिला आहे. लहानपणी पाटीवर त्याच अक्षरावरून पेन्सिल पुनःपुन्हा फिरवीत होतो, तेव्हा उद्याचे अक्षर कोणते याची आपल्याला फिकीर नव्हती.

नंदिनीच्या दगडातही हीच साक्ष आहे. छत्तीसगढच्या खोऱ्यातील चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुनी आहे. तिच्यात ठिकठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्म जीवांनी एकाच जागी थरावर थर चढवून ते घडविले आहेत. एकेक थर पातळ, नखाएवढाही नाही. त्यांची रास झाली तेव्हा तीवर कारखाना उभा राहिला.

आणि मनुष्याचे उदाहरण हवे असेल तर तेही दूर नाही. राजनांदगाव तेव्हा आपल्याच दुर्ग जिल्ह्यात होते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली अध्यापक म्हणून आले. घर मराठी, लेखन हिंदी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी. आपल्यासारखेच मराठी मुलखाबाहेर पोटासाठी राहिलेले गृहस्थ. एकेका दीर्घ कवितेवर ते वर्षानुवर्षे काम करीत, पुन्हा लिहीत, पुन्हा खोडीत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते वारले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाला नाही. नाण्यांच्या अठ्ठीवरील कारागिराप्रमाणे त्यांनी मान वर करून गावाकडे पाहिले नाही. आजचा दिवस लिहिण्यास अनुकूल आहे काय, असे विचारीत ते बसले असते तर, गरिबी आणि आजार पाहता, तो दिवस त्यांच्या आयुष्यात उगवलाच नसता.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. आपण बदलीची माणसे. दर तीन-चार वर्षांनी एक कागद येतो आणि आपले घर, शेजार, मुलांची शाळा, बाजारातील भाषा, पाण्याची चव, सारे पालटते. आज नंदिनी, उद्या बोकारो, परवा दिल्ली. आपल्या आयुष्याचा कॅट वरिष्ठ कचेरी नियमाने पिसत असते आणि जे पान येईल ते आपण निमूटपणे उचलतो. ज्याचे सारे दिवस असे पिसले गेले आहेत त्याने उरलेली दहा मिनिटेही पिसावयास द्यावीत काय? इतरांना गाव असते, वाडा असतो, तेच देऊळ, तोच पार असतो. त्यांना स्थैर्य आयते मिळते. आपल्याला ते सामानाबरोबर बांधून न्यावे लागते, आणि रोज त्याच वेळी, त्याच कामापुढे बसणे याखेरीज दुसरे स्थैर्य ट्रंकेत मावत नाही. आपल्या मुलांना मराठी वाचता येते की नाही, हेही शेवटी यावरच ठरते. ज्या घरी रोज रात्री मराठीचे एक पान वाचले जाते तेथे ती टिकते. ज्या घरी आज मराठी, उद्या चित्रपट, परवा पाहू, असे चालते, तेथे दुसऱ्या बदलीनंतर मुले आजीला हिंदीतून पत्र लिहितात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आपणही पाहिले असेल.

तेव्हा आमच्या तरुण मित्रास माझी एक सूचना आहे. ती त्यांनी उपदेश न मानता सौदा समजावी. पुढल्या रविवारी मी येईन. तुमच्या कॅटातून नाण्यांची अठ्ठी काढून घ्या आणि टेबलासमोर भिंतीवर लावा. परीक्षेपर्यंत तेच एक पान. रोज सकाळी दहा मिनिटे त्या कारागिराकडे पाहा आणि मग पुस्तक उघडा. कंटाळा येईल, नक्की येईल. तो आला म्हणजे समजा की आता अभ्यासास सुरुवात झाली. रात्री वहीत किती तास झाले ते लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. त्याला अर्थ लावू नका.

उरलेली ७७ पाने मला द्या. टॅरो मुळात खेळ आहे, आणि खेळाशी माझे वैर नाही. सावंतवाडीस दशावताराच्या गंजिफा रंगवितात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. खेळणारा ती हौसेने पिसतो, हरतो, जिंकतो आणि डब्यात भरून ठेवतो. पत्त्यांशी इतकाच संबंध निरोगी आहे. मुलांना नियम शिकवू आणि पोहे होईपर्यंत त्या ७७ पानांचा एखादा डाव मांडू. एक पान कमी आहे म्हणून मुले तक्रार करतील. ते कोठे आहे, हे तुम्ही त्यांना भिंतीकडे बोट करून सांगा.